चित्राखालची ओळ

गेल्या मार्गशीर्षात मलकापुरात माझ्या मेव्हण्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. पंगती उठल्यावर तो मला हात धरून हॉलमध्ये घेऊन गेला. सोफ्याच्या वरच्या भिंतीवर चार फूट रुंदीचं एक चित्र लावलेलं होतं. समोर समुद्र, शिडं उभारलेली मोठी जहाजं, पलीकडच्या काठावर तटबंदी आणि तिच्याआड घरांची छपरं. चौकट सोनेरी आणि नक्षीदार. कॅनव्हाससारख्या कापडावर छापलेलं असल्यानं त्याला काच नव्हती. रंग असा, की चहात बुडवून वाळवल्यासारखा.

"दाजी, तुम्ही यातले जाणकार. सांगा बघू, कुठलं गाव आणि कुठलं साल?"

गाव मी ओळखलं, मुंबई. सालही सांगितलं, १७५४. पाहुणे खूश झाले. मला मात्र स्वतःचीच चोरी सापडल्यासारखं वाटलं, कारण मी जे सांगितलं ते त्या भिंतीवर पाहून सांगितलंच नव्हतं. हे चित्र पूर्वी पुस्तकात पाहिलेलं होतं म्हणून सांगता आलं. भिंतीवरच्या चित्राच्या खाली काहीच नव्हतं. मूळ चित्राखाली जी छापील ओळ आहे ती कापून टाकलेली होती.

मेव्हण्याची मुलगी नववीत आहे. तिनं लगेच मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाली, "मामा, इतिहासाच्या प्रकल्पात लावते. सतराशे चोपन्नची मुंबई." मी तिला थांबवलं आणि लावण्याआधी आठ दिवस मागून घेतले. हा लेख त्या आठ दिवसांतून निघाला.

मी कुठल्या विद्यापीठाचा माणूस नाही. बारावीनंतर शिक्षण सुटलं आणि वीस वर्षं कराडला ऑफसेट छपाईच्या यंत्रावर काढली. लग्नपत्रिका, साखर कारखान्यांचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं छापली. भिंगाखाली ठिपके मोजायची सवय तिथं लागली आणि जुन्या छापचित्रांचा नाद त्या सवयीतूनच लागला. त्यामुळे पुढं जे लिहितो आहे ते छापखान्यातल्या माणसाचं म्हणणं आहे असं समजून वाचावं.

आधी माझाच गुन्हा सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात मला विजापूरच्या दृश्याचं एक सुटं पान मिळालं. रॉबर्ट इलियट या आरमारी अधिकाऱ्याच्या रेखाटनांवरून १८३० च्या दशकात लंडनला 'व्ह्यूज इन द ईस्ट' हे पुस्तक निघालं, त्यातलं ते अस्सल पान. पोलादी पत्र्यावर कोरून छापलेलं. मी ते एका फ्रेमवाल्याकडं दिलं आणि एवढंच म्हणालो, "नीट बसवा." त्यानं त्याच्या समजुतीप्रमाणं नीटच बसवलं. दुकानात तयार असलेल्या चौकटीच्या मापाला पान कापलं, मागून डिंक लावून हार्डबोर्डवर चिकटवलं आणि वर काच दाबली. दोन पावसाळ्यांत कागद काचेला चिकटला आणि आकाशात तपकिरी डाग उमटले. डागांचं दुःख पुढं ओसरलं. कापलेल्या बोटभर पट्टीचं दुःख अजून आहे. नंतर त्या पुस्तकाची अख्खी प्रत पाहायला मिळाली तेव्हा त्या पट्टीवर काय असतं ते कळलं. इलियटनं जागेवर टिपण केलं, लंडनमधल्या चित्रकारानं त्यावरून चित्र रचलं आणि तिसऱ्यानं ते पोलादावर कोरलं. म्हणजे विजापूर प्रत्यक्ष पाहिलेला माणूस त्या तिघांत एकच. हे सांगणारी ओळ मी पैसे देऊन कापून घेतली होती.

त्या ओळीत काय असतं ते सांगतो. युरोपातल्या कोरीव मुद्राचित्राखाली बहुधा डाव्या कोपऱ्यात चित्र काढणाऱ्याचं नाव असतं आणि त्यापुढं 'डेल.' किंवा 'पिंक्स.' अशी लॅटिन खूण. पहिलीचा अर्थ रेखाटलं, दुसरीचा रंगवलं. उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं नाव आणि 'स्कल्प.' म्हणजे कोरलं. 'एक्सकुड.' असेल तर तो प्रकाशक. मधोमध शीर्षक, आणि पुष्कळदा त्याखाली प्रकाशनाची तारीख आणि दुकानाचा पत्ता. आपल्याकडं सातबाऱ्यावर कब्जेदार कोण, कूळ कोण, बोजा कुणाचा हे जसं लिहिलेलं असतं तसाच हा चित्राचा उतारा. सातबारा फाडून टाकून जमिनीचा नुसता फोटो कुणी भिंतीवर लावत नाही. चित्राच्या बाबतीत आपण तेच करतो.

आता मेव्हण्याच्या भिंतीवरची मुंबई. चित्र यान व्हॅन रायन या कलावंताचं. तो मूळचा डच, पण काम लंडनमध्ये करणारा. रॉबर्ट सेयर या लंडनच्या प्रकाशकानं १७५४ साली ते बाजारात आणलं. कापलेल्या शीर्षकाचं मराठी असं होतं: 'मलबार किनाऱ्यावरील, इंग्लंडच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या मालकीची, मुंबई.' यातला मलबार हा शब्द पाहून हसू येतं. अख्ख्या पश्चिम किनाऱ्याला एकच नाव देऊन टाकायची तेव्हाच्या युरोपीयांची पद्धत होती, त्यात आपला कोकण बुडाला. पण शीर्षकाचा जीव आहे तो 'मालकीची' या शब्दात. हे गाव कसं दिसतं यापेक्षा ते कुणाचं आहे हे सांगायला चित्र निघालं होतं.

या चित्राला एक पूर्वज आहे. १७३२ च्या सुमारास कंपनीनं लंडनमधल्या आपल्या मुख्य कचेरीतल्या संचालकांच्या दालनासाठी सहा तैलचित्रं करून घेतली. मुंबई, कलकत्त्याचा फोर्ट विल्यम, मद्रासचा फोर्ट सेंट जॉर्ज, तेलिचेरी, सेंट हेलिना आणि केप ऑफ गुड होप. जमीन आणि इमारती जॉर्ज लँबर्टनं रंगवल्या, जहाजं सॅम्युएल स्कॉटनं. दोघंही हिंदुस्थानात कधी आलेले नाहीत. लँबर्ट तर लंडनच्या नाटकशाळांचे पडदे रंगवणारा नावाजलेला माणूस. पुढं जहाजांची गर्दी, मागं किल्ला आणि वर मोठं आकाश, ही मांडणी तेव्हापासून रूढ झाली आणि व्हॅन रायनची मुंबई त्याच मांडणीतली आहे. पोरीच्या शब्दांत 'सतराशे चोपन्नची मुंबई' म्हणून जे लावायचं होतं ते नाटकाच्या पडद्याच्या घराण्यातलं चित्र निघालं. १७५४ हे छपाईचं साल. मुंबई त्या साली कशी दिसत होती याची साक्ष ते साल देत नाही.

चित्राच्या चौकटीबाहेर काय होतं तेही पाहावं. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. साष्टी मराठ्यांकडं आली ती १७७४ च्या अखेरीपर्यंत राहिली. विजयदुर्ग १७५६ पर्यंत आंग्र्यांकडं होता. वसई पडल्यावर मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली, कोटाभोवती खंदक खणायचं ठरलं आणि शहरातल्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी वर्गणी दिली. म्हणजे हे चित्र लंडनच्या दुकानात विकलं जात होतं तेव्हा माहीमची खाडी ओलांडली की मराठ्यांचा अंमल सुरू होत होता. चित्रात त्या भीतीचा मागमूस नाही. समुद्र शांत, शिडं भरलेली, निशाण फडकतं आहे. हा व्हॅन रायनचा खोटेपणा नव्हे. गिऱ्हाइकाला धीर देणं हे त्या चित्राचं काम होतं आणि ते त्यानं चोख केलं. पण हे काम ओळखायची किल्ली खालच्या ओळीत आहे. ओळ गेली की कंपनीची जाहिरात 'जुन्या मुंबईची आठवण' होऊन आपल्या सोफ्याच्या वर येऊन बसते.

दुसरं उदाहरण गोव्याचं. कोलोन शहरात गेओर्ग ब्राउन आणि फ्रान्स होगेनबर्ग यांनी १५७२ पासून जगातल्या शहरांच्या दृश्यांचा सहा खंडी संग्रह काढला. शेवटचा खंड १६१७ चा. पहिल्याच खंडात एका पानावर चार शहरं आहेत, मोरोक्कोची अन्फा आणि अझामोर, त्यांच्याबरोबर आपली दीव आणि गोवा. आज विकली जाणारी गोव्याची प्रतिकृती बहुतेक वेळा या पानातून एकटी कापून मोठी केलेली असते. तिच्या शीर्षकात गोवा १५०९ साली ख्रिस्ती सत्तेखाली आला असं लॅटिनमध्ये लिहिलं आहे. आल्बुकेर्कनं गोवा जिंकला १५१० साली. शीर्षकच चुकीचं, मग कापलं तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. मला तर ती चूक मोलाची वाटते. लांबून ऐकून, दुसऱ्याच्या कागदावरून काम करणाऱ्याच्या हातून कशी चूक होते ते ती दाखवते. शिवाय चार शहरं एकत्र असली की कळतं, ब्राउनच्या डोळ्यांसमोर गोवा हे कोकणातलं शहर नव्हतं. पोर्तुगीजांनी समुद्रकाठानं ओवलेल्या माळेतला तो एक मणी होता.

याच्या उलट लिन्स्कोटेनचा नकाशा. यान हाउखन व्हॅन लिन्स्कोटेन १५८३ साली आर्चबिशपच्या चाकरीत गोव्यात आला आणि काही वर्षं तिथं राहिला. त्याच्या १५९६ च्या प्रवासग्रंथात गोवा बेटाचं आणि शहराचं मोठं घडीचं दृश्य आहे. बाप्टिस्टा व्हॅन डूटेकम यानं ते १५९५ मध्ये कोरलं. रस्ते, चौक, चर्च, बाजार सगळ्याचा तपशील आहे, कारण सांगणारा त्या रस्त्यांवरून चाललेला होता. दोन्ही चित्रं प्रतिकृतींच्या बाजारात 'जुना गोवा' या एकाच नावानं मिळतात. एक ऐकीव आणि एक पाहिलेलं, हा फरक खालच्या मजकुराशिवाय गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. लिन्स्कोटेनच्या पानावरच्या घड्याही संगणकावर पुसून टाकलेल्या असतात. त्या घड्या सांगत होत्या की हे चित्र भिंतीवरचं नव्हे, पुस्तकात दुमडून ठेवलेलं आहे.

ओळ ठेवली की सगळं सत्य मिळतं असं मात्र नाही. डॅनियल काका-पुतण्यांनी वेरूळच्या लेण्यांची चोवीस दृश्यं १८०३ साली काढली. शीर्षकपृष्ठावर ती जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून केल्याचं नमूद आहे आणि ते खरंही आहे. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं चित्र करणारा हाच वेल्स, तो १७९५ मध्ये वारला. पण वेरूळची रेखाटनं पुण्याच्या गंगाराम तांबटानंही केली होती, इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटसाठी. त्याचं काम आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात जपलेलं आहे. डॅनियलच्या भव्य छापचित्रांखाली गंगारामाचं नाव नाही. म्हणून खालची ओळ वाचताना तिच्यात कोण आहे याबरोबर कोण नाही तेही विचारावं लागतं. पण ओळच नसेल तर हा प्रश्न सुचणार कसा?

ही कापाकापी आपल्याकडं आली कुठून? मला तिचा उगम देवाच्या तसबिरीत दिसतो. १८७८ मध्ये पुण्याला चित्रशाळा निघाली, १८९४ मध्ये मुंबईत रविवर्मा छापखाना सुरू झाला आणि घराघरांत छापील लक्ष्मी-सरस्वती गेल्या. फ्रेमवाल्यांची विद्या त्यांच्यावर वाढली. कुणी साडीला जर लावली, कुणी मणी चिकटवले. तसबिरीच्या तळाशी छापखान्याचं नाव असलं तरी भक्ताला त्याचं काय? ते चौकटीखाली गेलं तर देव अधिक मोकळा दिसतो. तिथं ते योग्यच होतं. हाच हात पुढं ऐतिहासिक चित्रांवर चालला.

दुसरं कारण अगदी कोरडं आहे, माप. चौकटी आणि छपाईचे कागद बारा बाय अठरा, अठरा बाय चोवीस अशा ठरलेल्या मापांत येतात. जुन्या पत्र्यांनी ही मापं पाळलेली नाहीत. मग संगणकावर चित्र कागदभर ताणायचं आणि उरेल ते कापायचं. कडा प्रथम जातात आणि मजकूर नेमका कडेला असतो. व्हॅन रायनचं मूळ चित्र उघडलेल्या मोठ्या वहीएवढं आहे, हातात धरून जवळून पाहायचं. ते चार फुटांवर नेलं की केसासारखी रेघ सुतळीएवढी होते आणि कोरणाऱ्याची सगळी कारागिरी संपते.

तिसरी खोड जुनेपणाच्या रंगाची. त्या काळचा चांगला कागद चिंध्यांपासून बनत असे. नीट ठेवलेला असेल तर तो आजही बऱ्यापैकी पांढरा राहतो. लवकर पिवळा पडतो तो पुढच्या काळातला लाकडाच्या लगद्याचा कागद. म्हणजे चहाच्या रंगानं जे 'अँटिक' करतात ते अठराव्या शतकाला आपल्या जुन्या वर्तमानपत्राचा रंग देतात. पाण्याच्या रंगांत हातानं रंगवलेली जुनी चित्रं असतात, पण पुष्कळांवर तो रंग नंतरच्या मालकांनी चढवलेला असतो. प्रतिकृती करताना काळ्या रेघेची प्रत निवडली तर फसगत कमी होते.

आता प्रतिकृती लावायचीच असेल तर कशी लावावी? टीका करून हात झटकणं मला पटत नाही.

पहिलं, पान अख्खं छापून घ्यावं. मजकूर, कोरा समास आणि पत्र्याच्या दाबाची चौकोनी खूण यांच्यासकट. ॲम्स्टरडॅमचं रिक्सम्यूझियम, येलचं ब्रिटिश कला केंद्र अशा संस्थांनी आपल्या संग्रहातली पुष्कळ छापचित्रं मोठ्या आकारात मोफत उतरवून घ्यायला ठेवली आहेत. बाजारातल्या कापलेल्या प्रतीवर अडून बसायचं कारण नाही. दुसरं, आकार मुळाच्या जवळ ठेवावा. भिंत मोठी वाटली तर चित्र न ताणता भोवतीचा पुठ्ठा, म्हणजे माउंट, रुंद घ्यावा. खालची बाजू वरच्यापेक्षा थोडी जास्त रुंद ठेवली की चित्र खाली घसरल्यासारखं दिसत नाही. माउंटची खिडकी मजकुराच्या खाली बोटभर जागा सोडून कापायला सांगावी आणि तिथं पेन्सिलनं खूण करून द्यावी. तोंडी सांगून भागत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

तिसरं, चिकटवणं. पान पाठीवर सपाट कधी चिकटवू नये. वरच्या कडेला दोन ठिकाणी पातळ, चिवट कागदाच्या छोट्या बिजागऱ्या लावून टांगावं. गव्हाच्या सत्त्वाची खळ उत्तम, ती पाण्यानं सुटते. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन टाळावं. चौथं, काच आणि कागद यांच्यात फट हवी. माउंटच्या जाडीनं ती आपोआप मिळते. पुठ्ठे आम्लरहित मागावेत. प्रतिकृतीला ते नसले तरी चालेल, अस्सल पानाला मात्र हवेतच. पाचवं, आपली हवा. कराड-मलकापूरच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंती ओल धरतात. चौकटीच्या मागं चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंत आणि चौकट यांच्यात वारा खेळतो, कसर आणि बुरशी दूर राहते. ऊन थेट पडेल अशा भिंतीवर काही लावू नये. संग्रहालयं कागदावरच्या चित्रांना साधारण पन्नास लक्सएवढाच मंद प्रकाश देतात. चौकट साधी, बारीक, गडद लाकडाची पुरे. सोनेरी नक्षी मी टाळतो, कारण ती पान पाहू देत नाही.

आणि शेवटचं, पाठीवर चिठ्ठी. मूळ कुणाचं, साल कोणतं, कुठल्या संग्रहातून घेतलं आणि ही प्रतिकृती आहे, एवढं मराठीत लिहावं. तीस वर्षांनी आपली नातवंडं ती अस्सल समजून विकायला निघू नयेत. शंका आली तर भिंग धरावं. ऑफसेटमध्ये रंगीत ठिपक्यांची फुलं दिसतात. पत्र्यावरून छापलेल्या चित्रात अखंड रेघ दिसते आणि शाईचा किंचित उठाव हाताला लागतो.

यावर मेव्हण्याचं म्हणणं होतं, "दाजी, आम्हाला भिंत सजवायची आहे, संग्रहालय नाही काढायचं." त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. घर सजवायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि फ्रेमवाल्यालाही चार पैसे मिळाले पाहिजेत. पण लँबर्ट-स्कॉटची मुंबईसुद्धा भिंतीच्या सजावटीसाठीच केली होती, कंपनीच्या संचालकांच्या भिंतीच्या. त्या दालनात बसणाऱ्यांना आपण काय पाहतो आहोत ते पक्कं ठाऊक होतं. तेवढं तरी आपल्याला ठाऊक असावं. आपल्या गावांची त्या काळातली छापील चित्रं बहुतेक परक्या हातांनी, परक्या गिऱ्हाइकासाठी झाली. ती टाकून देण्यात अर्थ नाही, त्यांच्याइतकं जुनं दुसरं थोडंच उरलं आहे. पण ती वाचायची असतील तर ज्यानं केली, ज्यानं विकली आणि ज्याला विकली त्यांची नावं चित्राबरोबर राहिली पाहिजेत.

आठ दिवसांनी मी मलकापूरला गेलो ते मूळ पानाची अख्खी प्रत साध्या कागदावर छापून घेऊनच. पोरीनं ती वहीत लावली आणि शीर्षकाचं मराठी स्वतः केलं. 'मालकीची' या शब्दावर ती बराच वेळ थांबली. मग खाली लिहिलं: 'हे चित्र १७५४ मध्ये लंडनमध्ये विकायला निघाले. ते काढणारा लंडनमध्ये काम करत होता. तेव्हा साष्टी मराठ्यांकडे होती.' प्रकल्पाला गुण किती मिळाले ते मी विचारलं नाही.

हॉलमधलं मोठं चित्र अजून तिथंच आहे, सोनेरी चौकटीसकट. फक्त चौकटीच्या खाली भिंतीवर एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा आला आहे. त्यावर पोरीच्या अक्षरात तीच कापलेली ओळ आहे. आलेला पाहुणा आता आधी ती वाचतो आणि मग मान वर करून चित्र पाहतो.